नाकावर नळी : नवशिक्यांसाठी सीपॅप-प्रवेशिका

प्रस्तावना

सीपॅप मशीनच्या खोक्यात एक माहितीपुस्तिका येते. बटण कुठलं दाबायचं, नळी कुठे खोचायची, फिल्टर कधी बदलायचा, हे तीत पुष्कळ भाषांत छापलेलं असतं. मास्क चढवून पहिल्यांदा आरशासमोर उभं राहिल्यावर पोटात जो खड्डा पडतो, त्याबद्दल मात्र तीत अवाक्षर नसतं. ती उणीव भरून काढण्यासाठी ही प्रवेशिका. पायऱ्या क्रमाने चढाव्यात. एखादी गाळलीत तर ती पुढे व्याजासकट चढावी लागते.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. दाढ दुखते तेव्हा ती तुमची तुम्हाला कळते. हे मशीन ज्या आजारासाठी असतं, त्या स्लीप ॲपनियाचं तसं नाही. हा आजार चालू असताना रोगी जागेवर हजर नसतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, छाती-पोट नुसतंच वरखाली होत राहतं, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, घशातून एक मोठा फुत्कार निघतो आणि घोरणं पुन्हा सुरू. हा सगळा प्रकार शेजारी झोपलेल्या माणसाने पाहिलेला असतो. तुम्ही सकाळी उठून शांतपणे विचारता, "मी? मी कुठे घोरतो?"

पायरी १ : आरोप फेटाळणे

ही पायरी सर्वांना सक्तीची आहे. वापरायची उत्तरं परंपरेने ठरलेली आहेत : "काल दमलो होतो", "उताणा झोपलो की होतं कधीतरी", आणि अखेरीस "तू घोरतेस त्याचं काय?" यानंतर पत्नी मोबाइल काढून रात्री केलेलं रेकॉर्डिंग ऐकवते. पहिल्या फेरीत "हा आवाज माझा नाही" असं म्हणण्याची मुभा आहे. सोसायटीच्या पंपावरही संशय घेता येतो. पण रेकॉर्डिंगमध्ये मध्येच एक लांबलचक शांतता येते आणि त्या शांततेत पत्नीचा दबका आवाज ऐकू येतो : "अहो... अहो, श्वास घ्या." इथे बहुतेकांची उलटतपासणी संपते.

डॉक्टरांकडे गेल्यावर आठ प्रश्नांचा एक कागद पुढे येतो. मेलबर्नचे डॉक्टर मरे जॉन्स यांनी १९९१ साली तयार केलेली ही एपवर्थ मोजपट्टी. वाचताना डुलकी लागते का, टीव्ही बघताना लागते का, दुपारी आडवं झाल्यावर, जेवून स्वस्थ बसल्यावर लागते का, अशी विचारणा असते. एकूण २४ पैकी १०च्या वर गुण गेले की झोप गरजेपेक्षा जास्त येते असं मानतात. जॉन्ससाहेबांचा आणि पुण्यातल्या दुपारी १ ते ४चा परिचय नसावा. तरीही उत्तरं खरी द्या. गाडी सिग्नलला उभी असताना डोळा लागतो का, हा त्यातला शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर ती वामकुक्षी म्हणून खपणार नाही.

महिलांसाठी खास सूचना : बाईमाणूस घोरतं हे आपल्याकडे कोणी बोलून दाखवत नाही, आणि ती स्वतः तर नाहीच नाही. बायकांची तक्रार बरेचदा घोरण्याची नसतेच. सकाळी डोकं जड, दिवसभर थकवा, रात्री सारखी जाग, चिडचिड. मग रक्त तपासून लोहाच्या गोळ्या मिळतात किंवा ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला. पाळी गेल्यावर या आजाराचा धोका वाढतो. म्हणून आरोप करणारं शेजारी कोणी नसलं, तरी स्वतःवरच एकदा संशय घेऊन पाहावा.

पायरी २ : आकड्याशी भांडणे

स्लीप स्टडीच्या रात्री डोक्याला, हनुवटीला, छातीला, पायांना वायरी चिकटवतात, नाकाशी नळी, बोटाला चिमटा, आणि मग तंत्रज्ञ म्हणतो, "आता नेहमीसारखे झोपा." नेहमीसारखं झोपता येत नाही. पण तेवढ्या तुटक झोपेतही आजार आपली हजेरी लावून जातो. हल्ली हीच तपासणी थोडक्या वायरींवर घरीही होते.

रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा असतो : तासाभरात श्वास किती वेळा थांबला किंवा उथळ झाला. थांबणं म्हणजे निदान १० सेकंद. ५च्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या पुढे तीव्र. आकडा ४२ आला असेल तर सात तासांच्या झोपेत जवळजवळ तीनशे वेळा. परीक्षेत कधी न मिळालेले गुण इथे मिळालेले पाहून हसू येतं. येऊ द्या. त्यानंतर राग येईल ("मशीन बिघडलं असेल"), मग सौदा सुचेल ("दोन महिने द्या, वजन उतरवतो"), मग उगीचच रडू येईल. आपण म्हातारे झालो, असं त्या कागदाकडे बघताना पहिल्यांदाच वाटतं. पस्तिशीतल्या माणसालाही वाटतं.

याच वेळी कोणीतरी "अहो, घोरणं म्हणजे गाढ झोप" असं म्हणून पाठीवर थाप मारेल. त्यांना एवढंच सांगा, की १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. रक्तदाब, हृदयाचे ठोके, पक्षाघाताचा धोका, या सगळ्यांशी या आजाराचा संबंध आहे. थाप मारणारा हात आपोआप खाली येतो.

पायरी ३ : मशीनची नीट ओळख करून घेणे

नावडत्या वस्तूबद्दल गैरसमज फार लवकर होतात, म्हणून हे पाठ करा. सीपॅपमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर नसतो. मशीन खोलीतलीच हवा ओढतं, गाळतं आणि थोड्या दाबाने नाकातून घशात सोडतं. त्या दाबाने घशाच्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत. श्वास तुमचा तुम्हीच घेता. दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. वातावरणाचा दाब याच मापाने हजाराच्या थोडा पुढे जातो, म्हणजे १०वर लावलेलं मशीन त्यात जेमतेम एका टक्क्याची भर घालतं. पहिल्या रात्री मात्र मोटारसायकलवरून तोंड उघडं ठेवून घाटातून चालल्यासारखं वाटेल.

आपल्या वाट्याला फार वाईट आलं असं वाटलं, तर थोडा इतिहास वाचावा. १९८०च्या आधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता : गळ्याला भोक पाडून नळी बसवणे. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी त्या वर्षी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी चालवून हवा नाकात सोडली, आणि गळ्याला भोक नको म्हणणारा रुग्ण रात्रभर शांत झोपला. १९८१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अहवाल छापून आला. त्या काळचे मास्क रोज रात्री सिलिकॉनने नाकाला चिकटवावे लागत आणि सकाळी सोलून काढावे लागत. तुमच्या मास्कला पट्टे आहेत. आभार माना.

पायरी ४ : मास्क निवडणे

मास्क तीन जातींचे. नाकपुड्यांत टेकणाऱ्या दोन छोट्या उशांचा, नुसतं नाक झाकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. दुकानदार जो हातात देईल तो घेऊन येऊ नका. मशीन आणि मास्क महिनाभर भाड्याने मिळतात, आधी ते करा. मिशा राखल्या असतील तर दुसरा प्रकार गळू शकतो, दाढी असेल तर तिसरा. ‘मिशा की झोप’ हा प्रश्न मराठी पुरुषापुढे एरवी येत नाही. इथे येतो. तोडगा बहुधा मास्क बदलून निघतो, मिशांवर पाळी क्वचितच येते.

मास्क बसवण्याची कृती : बिछान्यावर आडवे व्हा. आधी मशीन चालू करा, मग मास्क नाकावर ठेवा. पट्टे सैलच असू द्यात. हवेने कडेची मऊ झालर फुगेल. आता मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून परत टेकवा, म्हणजे झालर सुरकुती न पडता बसते. मग दोन्ही बाजूंचे पट्टे एकदमच, थोडे थोडे ओढा. कुशीवर वळा. नाकाच्या मुळाशी ‘फुस्स’ झालं आणि गार झोत डोळ्यात गेला, तर हात लगेच पट्टा आवळायला जाईल. जाऊ देऊ नका. आवळलं की झालर चेपते आणि गळती वाढते. परत उचला, परत टेकवा. सगळं जमल्यावरही समोरच्या बारीक छिद्रांतून हवा जात राहील. ती छिद्रं उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेली असतात. त्यांना चिकटपट्टी लावणारे हुशार लोक आहेत. त्यांच्यात सामील होऊ नका.

पायरी ५ : दिवसाउजेडी सराव

मास्क लावताच जीव गुदमरणे हा भित्रेपणा नाही. तोंडावर काही आलं की घाबरायचं, हे शरीराला जन्मापासून ठाऊक असतं. २०२१मध्ये ज्यांनी आपलं माणूस करोना वॉर्डात असाच मास्क लावलेलं पाहिलं, त्यांच्या छातीत तर याच्या नुसत्या दर्शनाने धस्स होतं. अशांनी रात्रीची वाटच बघू नये. संध्याकाळी खुर्चीत बसून मास्क नुसता हाताने नाकाशी धरावा, मशीनशिवाय. दुसऱ्या दिवशी पट्टे लावावेत. मग मशीन जोडून बातम्या बघाव्यात. वाहिन्यांवरच्या चर्चेत इतका गोंगाट असतो, की नाकावर काय आहे हे थोड्या वेळात विसरायला होतं. श्वास सहज चालू लागला की आडवं व्हावं. मन घाईला बधत नाही, सवयीला बधतं.

‘वीज गेली तर गुदमरून मरेन’ ही भीती महाराष्ट्रात रास्त आहे. उत्तर असं : वीज गेली की हवा थांबते, अडचण वाटून जाग येते, आणि मास्क काढायला एक हात पुरतो. तोंडही झाकणाऱ्या मास्कमध्ये अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. लोडशेडिंगच्या गावी इन्व्हर्टरवर मशीन चालतं. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या टाकीतलं पाणी तापवणं बंद ठेवलं तर ते वीजही फार थोडी खातं.

पायरी ६ : पहिल्या रात्री

‘रॅम्प’ नावाची सोय चालू करा, म्हणजे दाब हळूहळू चढतो. घड्याळाकडे बघू नका. मध्यरात्री उठून "हे माझ्यानं व्हायचं नाही" असं भिंतीला सांगा. भिंतीला हे नवीन नाही.

सकाळी मास्क उशीखाली, पायथ्याशी किंवा पलंगाखाली सापडेल. तो कोणी काढला याचा घरात शोध घेऊ नका. तुम्हीच काढला, झोपेत, आणि पुन्हा एकदा त्या प्रसंगी तुम्ही हजर नव्हता. मशीनकडे मात्र वेळेची नोंद असते. एका कंपनीचं ॲप रोज सकाळी १००पैकी गुण देतं आणि त्यातले ७० नुसते तास भरल्याबद्दल असतात. मराठी घरात गुणपत्रिका खाजगी राहत नाही. "आज किती पडले?" ही विचारणा चहाबरोबर होईल. उत्तर द्या, पण शेजारच्यांच्या गुणांशी तुलना होऊ देऊ नका. अमेरिकेच्या सरकारी विम्यात रात्री निदान चार तास आणि दहापैकी सात रात्री एवढ्यावर पास करतात. काठावर पास हाही पासच.

पायरी ७ : घरच्यांना तोंड दाखवणे

नातवंडं "आजोबांना सोंड आली" म्हणून मोरया करतील. हा विनोद प्रत्येक घरी होतो. पहिल्यांदा मनापासून हसा, त्यानंतर आशीर्वाद देऊन झोपायला पाठवा. गालांवर पट्ट्यांचे वळ घेऊन ऑफिसला जायची लाज वाटत असेल तर ऐका : जून २०२३मध्ये जो बायडन यांच्या गालांवर हेच वळ पत्रकारांनी टिपले आणि अमेरिकेचे अध्यक्ष सीपॅप वापरतात हे व्हाइट हाउसला सांगावं लागलं. तुमच्या ऑफिसात एवढी चौकस माणसं नाहीत.

जोडीदाराचा प्रश्न नाजूक असतो. मास्क लावून आपण कुणाला आवडणार, ही काळजी उघड कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. मशीन झोपेसाठी आहे. झोपेआधीच्या गोष्टींसाठी मास्क लावण्याची काही सक्ती नाही. दुसरं असं, की सुरुवातीला जोडीदारालाच झोप येत नाही. वर्षानुवर्षं कोपराने ढोसून श्वास चालू ठेवण्याची रात्रपाळी केलेली असते. एकाएकी शांतता झाली की ती व्यक्ती उठून तुमच्या नाकाशी हात धरून बघते. तेव्हा ‘झोप ना आता’ असं खेकसू नका. इतक्या रात्री तुम्ही ज्यांना खोटं ठरवत होता, त्या साक्षीदार याच.

सल्लागारांचा बंदोबस्त : कोणी नाकात तूप सोडायला सांगेल, कोणी डाव्या कुशीवर झोपायला, कोणी शंख फुंकायला. यातलं सगळंच टाकाऊ नाही. उताणं झोपल्यावरच ज्यांचा श्वास अडतो, त्यांना कुशीवर झोपल्याने फरक पडतो. २००६च्या ‘बीएमजे’त स्विस डॉक्टरांनी डिजरीडू हे ऑस्ट्रेलियन वाद्य फुंकायला लावून मध्यम आजार कमी झाल्याचं दाखवलं, आणि जयपूरच्या संशोधकांनी २०२५मध्ये शंखाचा तसाच छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. हौस असेल तर शंख जरूर फुंका, मात्र मशीन न सोडता. पहाटेच्या शंखापुढे तुमचं घोरणं बरं होतं, असं शेजारी म्हणतील ती तयारी ठेवा. ‘वजन उतरव’ हा सल्ला बरोबर आहे, पण वजन उतरायला महिने लागतात आणि घसा आज रात्रीच बंद होणार आहे.

पायरी ८ : परगावी मुक्काम

खरी कसोटी लग्नघरी. मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत गाद्या ओळीने घातलेल्या असतात आणि प्लग एकच असतो. त्यात एक्स्टेन्शन, एक्स्टेन्शनमध्ये सहा मोबाइल, आणि त्यावर वरमायेच्या भावाची नजर. सीपॅपवाल्याने इथे मागे राहू नये. संध्याकाळीच प्लगजवळची गादी पिशवी टाकून धरावी आणि विचारेल त्याला "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढंच म्हणावं. त्या खोलीत पुढे रात्रभर जो कोरस चालेल, त्यात एकटे तुम्हीच गप्प असाल. सकाळी त्यातले दोघंतिघं बाजूला घेऊन हळूच विचारतील, "कितीला पडतं हो हे?"

रेल्वेच्या बऱ्याच डब्यांत सॉकेटचा दाब ११० व्होल्ट असतो. बहुतेक मशीनचे ॲडॅप्टर १०० ते २४०वर चालतात, तेव्हा अडचण तिथे नाही. अडचण अशी, की आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायचं रेल्वेने २०२१मध्ये ठरवलं. म्हणजे नेमकी झोपेची वेळ. नेहमी प्रवास असेल तर बॅटरी घ्या. विमानात मशीन हातातल्या सामानात ठेवा, बेल्टवर सोडू नका.

अडचण आणि इलाज

तोंडाला कोरड : झोपेत तोंड उघडं राहतं. मास्कचा प्रकार बदलून बघा, ह्युमिडिफायर लावा.

नळीत पाणी साचून तोंडावर शिंतोडे : खोली गार, म्हणून नळीही गार. नळीवर कापडी खोळ घाला किंवा मशीन उशीपेक्षा खाली ठेवा.

पोटात वारा, सकाळी ढेकरांची माळ : हवा गिळली जाते. दाब जास्त असू शकतो. डॉक्टरांना सांगा, स्वतः आकडे फिरवू नका.

टाकीत पांढरे क्षार : बोअरचं पाणी घातलंत. डिस्टिल्ड वॉटर आणा.

मास्कला वास : चेहऱ्याचं तेल. झालर रोज सौम्य साबणाने धुवा. हे काम जोडीदाराचं नाही.

‘आज जरा घेतली आहे, मशीन राहू दे’ : दारू घशाचे स्नायू आणखी सैल करते. मशीनची सर्वांत जास्त गरज त्याच रात्री असते.

प्रगती ओळखण्याच्या खुणा

आनंदाने उड्या माराव्यात अशी सकाळ एकदम उजाडत नाही. काहींना आठवड्यात फरक कळतो, काहींना महिने लागतात. पहिली खूण बरेचदा भलतीकडेच दिसते : रात्री लघवीला उठणं कमी होतं. घसा बंद असताना छाती जोर लावून ओढते, त्या ताणाने हृदयाचा कप्पा फुगतो, हृदयाला वाटतं शरीरात पाणी फार झालं, आणि ते मूत्रपिंडांना तसा निरोप धाडतं. घसा उघडा राहिला की निरोप बंद. प्रोस्टेटला किंवा साखरेला दिलेले सगळेच दोष मागे घेऊ नका, पण काही घ्यावे लागतील.

दुसरी खूण : स्वप्नं. इतकी वर्षं तुटलेली स्वप्नांची झोप शरीर वसूल करू लागतं, आणि सुरुवातीला लांबलचक, रंगीत, वेडीवाकडी स्वप्नं पडतात. शाळेतले मास्तर येऊन गणित विचारतात. घाबरू नका. तिसरी खूण : दुपारच्या मीटिंगमध्ये तुम्ही शेवटपर्यंत जागे राहता आणि ती किती निरर्थक होती हे तुम्हाला प्रथमच कळतं.

मशीनवर प्रेम बसलं ही मात्र खूण नाही. ते कधीच बसत नाही आणि बसायची गरजही नाही. चष्म्याचं कौतुक कोण करतं?

शेवटची सूचना

पुष्कळ मशीनं चार रात्री वापरून कपाटावर चढतात. तुमचं चढलं असेल तर ते तुमच्या मनाच्या दुबळेपणामुळे नसून बहुधा मास्कच्या चुकीच्या मापामुळे आहे. ज्याच्याकडून मशीन घेतलं त्याला फोन करा, मास्क बदलून मागा, दाबाबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि घरात कोणी घोरता घोरता मध्येच गप्प होत असेल, तर त्याला ‘तू घोरतोस का’ हे विचारत बसू नका. त्याला त्यातलं काही माहीत नाही. या आठवड्यातलीच तपासणीची वेळ घ्या आणि त्याला सोबत घेऊन जा.